ओमेश्वर मास्तरांची सरासरी

१९९९ साली ओमेश्वर रहांगडाले रेल्वेत सहायक स्टेशनमास्तर म्हणून लागला, तेव्हा गोंदियाजवळच्या कामठ्यातल्या त्याच्या घरी आनंद झाला तितकाच अचंबाही. घर पोवारांचं, पिढ्यान्‌पिढ्या धानाच्या बांध्यांत, भातखाचरांत राबलेलं. शिकलेला पोरगा फार तर शाळेत मास्तर होईल, अशी बाप धनलालची समजूत होती. रेल्वेचा मास्तर नेमकं करतो काय, हे त्याला उमगेना.

"गाडी तं डायवर चालवते. मंग तुजं काम काय?" त्याने एकदा जेवताना विचारलं.

"थे कवा सोडाची अन् कवा थांबवाची, थे मी सांगतो, बाबा."

"निस्ता सांगाचा?" धनलाल म्हणाला आणि पुन्हा भाताकडे वळला.

त्या सांगण्यात काय काय असतं, ते ओमेश्वरबरोबर काम करणाऱ्या कवडूला ठाऊक होतं. कवडू त्या स्टेशनवर पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारा, वयाने मोठा, तोंडाने फटकळ. नवेगाव बांधच्या पलीकडे सागाच्या जंगलात, एकेरी लाइनीवरचं ते स्टेशन. एकेरी लाइन म्हणजे समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांना वाट एकच. पुढच्या स्टेशनला फोन करून वाट मोकळी आहे का विचारायचं, त्यांनी होकाराची खूण म्हणून दिलेला दोन आकडी खासगी नंबर रजिस्टरमध्ये उतरवायचा, फाटकवाल्याला फोन करून फाटक लावून घ्यायचं, त्याचाही नंबर उतरवायचा, मग कुठे कवडूला लिव्हर ओढायला सांगायचं आणि गाडीसाठी सिग्नल उतरवायचा. हे चालू असताना खिडकीशी तिकीट मागणारे उभे, मालगाडीचा ड्रायव्हर दारात उभा राहून कधी सोडता म्हणून विचारतोय, आणि मागच्या स्टेशनची घंटी वाजतेय. ओमेश्वर फोनवर बोलता बोलता खिडकीतल्या बाईला सुटे पैसे परत करायचा आणि त्याच वेळी कवडूला बोटाने लाइन दाखवायचा. एकही धागा सुटायचा नाही.

"आमच्या मास्तरले चार कान हायेत," कवडू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

आठ वर्षं अशी गेली. बायको योगेश्वरी आणि मुलगी सोनिका कामठ्याला धनलालकडे राहायच्या, तो सुट्टी मिळाली की मोटरसायकलने घरी यायचा. २००७ च्या हिवाळ्यात, धानाची कापणी उरकत आली होती तेव्हा, असाच घरी निघाला. कोहमाऱ्याच्या अलीकडे जंगलातून रानडुक्कर आडवं आलं. दिवसाउजेडी, मोकळ्या रस्त्यावर. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं.

मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने त्याला उचलून गोंदियाला पोचवलं, तिथून नागपूरला नेलं. बरेच दिवस तो शुद्धीवर नव्हता. शुद्धीवर आला तेव्हा योगेश्वरीला 'सोनिका' म्हणाला आणि बापाला ओळखलंच नाही. मग हळूहळू एकेक नाव जागेवर बसत गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, कपाळामागच्या भागात मेंदूला मार बसलाय, पण ऑपरेशनची गरज नाही. जखम भरेल, वेळ द्या.

जखम भरली. उन्हाळ्यापर्यंत ओमेश्वर चालत होता, पेपर वाचत होता, भेटायला येणाऱ्यांना अपघाताची हकिकत रंगवून सांगत होता. त्यातलं त्याला स्वतःला काहीच आठवत नव्हतं. इतरांकडून ऐकलेलं तो सांगायचा.

"काईच तं नाई झाला यायले," गावचे लोक परत जाताना म्हणायचे. "देवाचीच कृपा."

ओमेश्वरलाही तसंच वाटायचं. फक्त घर पूर्वीपेक्षा फार गोंगाटाचं झालंय, असं त्याला वाटे. सोनिका पाठांतर करतेय, योगेश्वरी काही विचारतेय आणि बाहेर बाबा कुणावर तरी ओरडतायत, असं एकदम झालं की त्याच्या डोक्यात सगळ्यांचे शब्द एकमेकांत मिसळून जायचे आणि तो ताट ढकलून उठायचा. आधी कधी मुलीवर आवाज न चढवलेला माणूस आता ओरडू लागला. सोनिका पुस्तक घेऊन शेजारच्या घरी जायला लागली.

एक दिवस तो विहिरीवरची मोटर लावून भाजीच्या वाफ्यांना पाणी देत होता. तेवढ्यात कवडूचा फोन आला. बोलणं लांबलं. फोन ठेवून ओमेश्वर घरी आला, जेवला आणि आडवा झाला. योगेश्वरी वाफ्यांकडे गेली तर पाणी वांग्यांवरून, मिरच्यांवरून वाहत शेजाऱ्याच्या खळ्यात शिरलेलं आणि वाळायला पसरलेलं धान भिजलेलं.

"अजी, मोटर बंद नाई केली काय?" तिने येऊन विचारलं.

"केली ना," तो म्हणाला.

"मीच आता बंद करून आली."

"मी केलीच होती," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात जराही खोट नव्हती. बटण दाबल्याचं त्याला दिसत होतं. योगेश्वरीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्या दिवसापासून ती त्याच्या मागे फिरून चूल, मोटर, दाराची कडी गुपचूप बघू लागली. त्याला हे दिसायचं. राग यायचा. पण कुणावर, ते कळायचं नाही.

रेल्वेच्या दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टर भला माणूस. त्याने तारीख, वार, गाव विचारलं, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. ओमेश्वरने सगळं धडाधड सांगितलं. तीसपैकी तीस.

"छान," डॉक्टर म्हणाले. "पण तुमचं काम गाड्यांचं आहे. सविस्तर चाचणी करून या. मग मेडिकल बोर्ड ठरवेल."

चाचणी नागपूरला एका दवाखान्यात होती. तिथल्या मानसशास्त्रज्ञ हरडे मॅडम, पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या. योगेश्वरीला बाहेर बसवून त्या ओमेश्वरला आत घेऊन गेल्या.

आधी आकडे होते. मॅडम म्हणतील ते आकडे त्याच क्रमाने म्हणायचे. चार, पाच, सहा करत त्या नवापर्यंत गेल्या आणि ओमेश्वर चुकला नाही. मग तेच उलटे. तेही जमले. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुम्हाला आकड्यांची सवय दिसते."

"आठ वर्षं हेच करून राहिलो, मॅडम. फोनवर नंबर ऐकाचा, परत म्हणाचा, लिहाचा."

शब्दांचे अर्थ विचारले, तेही त्याने नीट सांगितले. मग कागदावर विखुरलेले आकडे रेघेने जोडायचे होते. झाले. मग त्याच तऱ्हेचा दुसरा कागद आला. यात आकडे आणि अक्षरं दोन्ही. एकाकडून 'अ'कडे, तिथून दोनाकडे, तिथून 'आ'कडे, असं आळीपाळीने जायचं. ओमेश्वर तिसऱ्या रेघेलाच अडकला. आकडा धरला की अक्षर सुटे, अक्षर शोधलं की आपण कितव्या आकड्यावर होतो ते जाई. पेन्सिल कागदावर टेकवून तो बसून राहिला. पंखा चालू होता तरी सदरा पाठीला चिकटला.

"घाई नाही," मॅडम म्हणाल्या. पण त्यांच्या हातात घड्याळ होतं.

पुढे एका हाताने खुणा करायच्या आणि त्याच वेळी कानावर पडणारे ठोके मोजायचे, असंही काही होतं. ते झाल्यावर त्याने विचारलं, "ह्याच्यात चुकलो का मी?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"बरोबरच झाला असंल," तो म्हणाला. मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं.

निकाल घ्यायला ती दोघं काही दिवसांनी पुन्हा नागपूरला गेली. मॅडमनी या वेळी योगेश्वरीलाही आत बोलावलं. समोर ठेवलेल्या कागदावर सगळ्यात खाली एकूण आकडा होता. १०१.

"शंभर म्हणजे सरासरी," मॅडम म्हणाल्या.

ओमेश्वर खुर्चीत पुढे सरकला. "म्हणजे मी पास!"

"ही पास-नापासची परीक्षा नाही. वरचे आकडे बघा." त्यांनी पेनाने दाखवलं. आकड्यांची उजळणी १२१. शब्द ११६. कामाचा वेग ७९. लक्ष एकीकडून दुसरीकडे नेणं ६७. अधेमधे आणखीही काही आकडे होते, शंभराच्या वरचे. "शब्द आणि आकडे वर ओढतात, हे दोन खाली ओढतात, आणि मधे हा एकशे एक येतो. या आकड्यावर तुमचं एकही काम बसत नाही."

"सदुसष्ट म्हणजे शंभरातले सदुसष्ट?" योगेश्वरीने विचारलं. "थे तं पयला वर्ग झाला."

मॅडम हसल्या नाहीत. "सगळ्यांना तसंच वाटतं. पण हे शंभरपैकी मिळालेले मार्क नाहीत. मास्तर, तुम्ही बी.एस्सी. झालात ना? प्रमाण विचलन, स्टँडर्ड डेव्हिएशन, शिकला असाल."

"सूत्र पाठ हाय," ओमेश्वर म्हणाला. "अर्थ कोणी नाई विचारला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुमच्या स्टेशनवर रोज उशिरा येणारी एखादी गाडी सांगा."

"दोन सांगतो," तो म्हणाला. हे त्याचं राज्य होतं. "सकाळची पॅसेंजर. रोज दहा मिनिटं लेट. कधी आठ, कधी बारा. त्याच्या वर नाई. अन् एक लांबची एक्स्प्रेस हाय. थेही धरून चाला दहाच मिनिटं लेट, पण थे कवा दहा मिनिटं आधीच येते, कवा अर्धा तास लेट."

"दोघींची सरासरी दहाच?"

"हो."

"आता एके दिवशी दोन्ही गाड्या वीस मिनिटं उशिरा आल्या. तुम्ही काय कराल?"

"एक्स्प्रेससाठी काईच नाई. थे तिचं रोजचंच हाय. पण पॅसेंजर वीस मिनिटं लेट झाली तं मी लगेच मागच्या स्टेशनले फोन लावीन. काईतरी झाला असंल."

"का? वीस तर वीसच आहेत."

"पॅसेंजर अशी कवाच येत नाई," ओमेश्वर म्हणाला.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही नुसतं सरासरीपासून किती लांब, एवढं नाही बघत. ती गाडी एरवी किती मागेपुढे होते, ते आधी बघता, आणि त्या मापाने लांबी मोजता. हे रोजचं मागेपुढे होणं म्हणजे प्रमाण विचलन. माणसांचंही असंच असतं. सगळे काही शंभरावर नसतात. तुमच्या वयाच्या, तुमच्याइतक्या शिकलेल्या लोकांना या चाचण्या दिल्या, तर तिघातले दोघं पंच्याऐंशी ते एकशे पंधराच्या आत येतात. पंधरा मागे, पंधरा पुढे. हे रोजचंच. तुमचा वेग एकोणऐंशी, तो जरा मागे आहे, पण असेही लोक असतात. सदुसष्ट मात्र दोन पंधरांच्याही पलीकडे गेला. शंभरातल्या एखाद-दुसऱ्या माणसाचाच आकडा एवढा खाली जातो."

"म्हणजे पॅसेंजर वीस मिनिटं लेट," ओमेश्वर सावकाश म्हणाला.

"वीस नाही, पंधरा म्हणा. पण फोन लावण्याइतकी लेट."

योगेश्वरी कागदाकडे बघत होती. "पर मॅडम, त्या दिवशी प्रवासानं थकले असतील म्हणून आला असंल. एखाद्या टायमाले कोनाचंही चुकते."

"चुकतं. वीस चाचण्या घेतल्या तर धडधाकट माणसाचीही एखादी खाली जाते. एकटा सदुसष्ट असता तर मी त्याला एवढी किंमत दिली नसती. पण याच कामाच्या तीन वेगवेगळ्या चाचण्या होत्या आणि तिन्ही खाली गेल्या. मार बसलाय तोही तिथेच. आणि तुम्ही घरी काय बघता, ते सांगा बरं."

योगेश्वरीने नवऱ्याकडे पाहिलं. मग मोटरीचं सांगितलं. चुलीचं, कडीचं, सोनिका शेजारी जाऊन अभ्यास करते तेही. ओमेश्वर खाली बघत ऐकत राहिला. ती मागे फिरते हे त्याला दिसायचं, पण तिला इतकं काही सापडत होतं हे त्याला आज कळत होतं.

"आणखी एक," मॅडम म्हणाल्या. "अपघाताआधी तुमची चाचणी कुणी घेतली नव्हती. पण शब्दांचं ज्ञान मार बसल्यावरही बहुधा टिकतं. त्यावरून माझा अंदाज, तुम्ही आधी सगळ्यातच एकशे पंधराच्या वर असाल. लोक म्हणतील एकशे एक म्हणजे ठीक आहे. लोकांच्या सरासरीत ठीक आहे. तुमच्या मानाने नाही."

"कवडूभाऊ म्हणत होता चार कान हायेत," ओमेश्वर म्हणाला आणि एकदम उठून बाहेर गेला. योगेश्वरी त्याच्या मागे गेली तेव्हा तो जिन्याच्या कठड्याला धरून उभा होता. रडत नव्हता. नुसता उभा होता.

मॅडमनी अहवालात सगळं लिहिलं. बोर्डापुढे ते वाचलं गेलं. एकूण आकडा सरासरीत, शारीरिक तब्येत उत्तम, आठ वर्षांची नोकरी निष्कलंक. बोर्डाने मधला मार्ग काढला. काही आठवडे दुसऱ्या मास्तरच्या देखरेखीखाली काम करू द्यायचं आणि मग ठरवायचं. ओमेश्वरला हे न्याय्य वाटलं. मनातून त्याला खात्री होती की खुर्चीत बसलं की हात आपोआप चालतील.

आणि खरोखरच चालले. देखरेखीला खेमराज नावाचे मास्तर होते, गोंदियाचे, बोलणं सगळं हिंदीत. बरेच दिवस काही अडलं नाही. त्या लाइनीवर गाड्या तशा थोड्या. एक गाडी, एक फोन, एक नंबर. ओमेश्वर नंबर ऐकून तत्काळ परत म्हणायचा, रजिस्टरमधलं अक्षर पूर्वीसारखंच सुरेख.

"भैया, तुम तो बिलकुल फिट हो," खेमराज म्हणाले. "मैं लिख दूँगा."

कवडू मात्र हल्ली ओमेश्वरकडे जास्त बघत होता.

पावसाळा सरून लग्नसराई लागली तेव्हा एका दुपारी सगळं एकदम आलं. मालगाडी बाजूच्या लूप लाइनीवर थांबलेली, तिचा ड्रायव्हर दारात. पॅसेंजर मागच्या स्टेशनहून सुटलेली. खिडकीशी चोरखमाऱ्याकडच्या लग्नाची मंडळी तिकिटांवरून आपसात भांडत होती. पुढच्या स्टेशनचा फोन वाजला. ओमेश्वरने नंबर घेतला, लिहिला, ड्रायव्हरला थांबायला सांगितलं, खिडकीत दोन तिकिटं दिली, परत वळला आणि कवडूला लिव्हर ओढायची खूण केली. खेमराज बाजूलाच बसून लग्नाच्या मंडळींना शांत करत होते.

कवडूने लिव्हरला हात घातला आणि तो थांबला. "मास्तर, फाटक लागला काय?"

"लागला," ओमेश्वर म्हणाला.

"नंबर आला?"

"आला ना. ओढ."

बोलता बोलता त्याची नजर रजिस्टरवर गेली. फाटकाच्या रकान्यातला शेवटचा नंबर सकाळच्या गाडीचा होता. या गाडीसमोर तो रकाना कोरा होता.

"थांब!" तो ओरडला.

कवडूने हात काढला. लिव्हर हललेलं नव्हतं, सिग्नल जागेवर होता. ओमेश्वरने फाटकाचा फोन फिरवला. फाटकवाल्याने फाटक लावलं, नंबर दिला. पॅसेंजर बाहेरच्या सिग्नलपाशी जरा थांबली आणि मग आत आली. लग्नाची मंडळी चढली. मालगाडीही गेली. कुणाला काही कळलं नाही.

"हो जाता है," खेमराज म्हणाले. "मुझसे भी हुआ है। पकड़ तो लिया ना तुमने? हाथ बैठ जाएगा."

ओमेश्वरने मान हलवली. गाड्या गेल्यावर तो प्लॅटफॉर्मच्या टोकाला गेला. कवडू बिडी ओढत तिथेच बसला होता.

"कवडूभाऊ, तू काऊन विचारलास?"

"फोनचा आवाज नाई आला मले. आधी तुमी फाटकवाल्याशी बोलत होते तं मले इथपर्यंत आयकू येत होतं."

"मी इसरलो, त्याचं काई नाई," ओमेश्वर म्हणाला. "माणूस इसरतो. पर तू विचारलास तवा मी 'लागला' म्हणालो. माया मनात शंका बी नोती. मले फाटक लागलेला दिसत होता, कवडूभाऊ. मोटरीचं बटण दिसत होतं तसाच."

कवडूने बिडी विझवली. त्याला मोटरीचं काही माहीत नव्हतं. तरी तो म्हणाला, "मी हाव ना. मी विचारत जाईन."

"रोज तूच राहशील काय?"

कवडूने विझलेली बिडी रुळांकडे भिरकावली.

ओमेश्वरला हरडे मॅडमचा कागद आठवत होता. त्या दिवशी त्याने तो पाहिला तेव्हा सदुसष्ट हा एक वाईट आकडा होता, एवढंच. आज त्याला कळलं की तो आकडा म्हणजे ही दुपार. बाकीच्या सगळ्या दिवसांत तो एकशे एक होता, कदाचित एकशे वीसही होता. शांत दिवस चांगले जाणारच. पण फाटकावरून बैलगाडी घेऊन जाणाऱ्याला मास्तरच्या चांगल्या दिवसांचा काही उपयोग नव्हता.

तो दुसऱ्याच दिवशी रेल्वेच्या डॉक्टरकडे गेला आणि मला गाड्यांच्या कामावरून काढा म्हणाला. डॉक्टरांना वाटलं, घाबरलाय. खेमराजांचा शेरा चांगला होता. मग ओमेश्वरने त्या दुपारचं सगळं सांगितलं, काही न लपवता. डॉक्टरांनी अहवाल पुन्हा काढून वाचला, या वेळी शेवटच्या ओळीपासून नाही, वरपासून.

"हे तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं," ते म्हणाले.

"मलेच कळला नसता, साहेब," ओमेश्वर म्हणाला. "थेच तं भ्याव वाटते."

घरी मात्र हे समजावणं कठीण गेलं. धनलाल संतापला. गावात पोराला मास्तर म्हणत होते, आता काय म्हणतील?

"पास झाला तं कायले सोडून राहिलास? लोक नापास होऊन बी खुर्ची सोडत नाई."

"बाबा, मले एका टायमाले एकच काम जमते."

"मग एकच करजो! बाकीचे कवडूले सांगजो!"

ओमेश्वरने गाड्यांचं, सरासरीचं सांगून पाहिलं. धनलालने ऐकून घेतलं नाही. तो उठून बांधीकडे निघून गेला आणि बापलेकांमध्ये कितीतरी दिवस गरजेपुरतंच बोलणं राहिलं. शेवटी योगेश्वरीने सासऱ्याला एकटं गाठलं. तिने आकडे सांगितलेच नाहीत.

"मामाजी, थे मोटर बंद केली म्हनतेत अन् मोटर चालूच राह्यते. तिथं गाडी राह्यली असती तं?"

धनलाल गुरांकडे निघून गेला. पण त्या संध्याकाळी ओमेश्वर जेवायला बसला तेव्हा म्हातारा बाहेर ओरडायचं सोडून आत येऊन त्याच्याजवळ बसला आणि त्याचं जेवण होईपर्यंत एक शब्दही बोलला नाही. तेव्हापासून ओमेश्वर जेवत असला की म्हातारा तसंच करू लागला.

ओमेश्वरला गोंदियाला पार्सल ऑफिसात घेतलं. आलेल्या पेट्यांवरचे नंबर पावतीशी ताडायचे आणि पेट्या सोडायच्या. नंबर तर त्याचे दोस्तच होते. सुरुवातीला फलाटावरून गाडीची शिट्टी आली की त्याचा हात आपोआप फोनच्या दिशेने जायचा. ओळखीचे मास्तर भेटले की त्याला चुकवून निघून जावंसं वाटायचं. काही लोक म्हणायचे, डोक्याला मार लागला म्हणून वेडा झालाय. काही म्हणायचे, काही झालं नाही, आराम पाहिजे म्हणून सोंग घेतलं. दोन्ही ऐकताना सारखंच लागायचं. पहिली दोन-तीन वर्षं तो फार एकटा होता. दारू प्यायला लागला, मग योगेश्वरीने सोनिकाला पुढे करून ती सोडवली. त्याने एका वेळी एक, हा नियम स्वतःला घालून घेतला. कुणी मधेच बोललं की तो हात वर करायचा, हातातलं संपवायचा आणि मग विचारायचा, "हं, सांगा."

२०१० साली हरडे मॅडमनी पुन्हा चाचणी घेतली. सदुसष्टचा शहात्तर झाला होता.

"म्हणजे सुधारलो?" ओमेश्वरने विचारलं आणि मग स्वतःच म्हणाला, "का गाडीचं रोजचं मागंपुढं?"

मॅडमना बरं वाटलेलं दिसलं. "दोन्ही असू शकतं. दुसऱ्यांदा देताना सवयीने आकडा चारने वाढतो. नऊच्या फरकावर मी खात्रीने काही बोलणार नाही. बाई, तुम्हाला काय दिसतं?"

योगेश्वरीने विचार केला. "चुकतेत आताही," ती म्हणाली. "पर आता चुकले तं मनात शंका येते त्याईच्या. दारापर्यंत जाऊन परत येतेत, बटण पाहतेत. आधी येत नोते."

मॅडमनी ते शब्दशः लिहून घेतलं. यासाठी माझ्याकडे आकडा नाही, पण हे शहात्तरपेक्षा मोठं आहे, असं त्या म्हणाल्या.

धनलाल २०१२ साली गेला. कवडू निवृत्त होऊन गावी राहू लागला. ओमेश्वर पार्सल ऑफिसातच राहिला. नव्या लोकांना तो मुळात स्टेशनमास्तर होता हे माहीत नव्हतं, आणि तोही सांगायचा नाही.

२०१५ च्या उन्हाळ्यात सोनिकाचं लग्न झालं. मांडवात बँड, पंगतीत वाढणाऱ्यांची आरडाओरड, नातेवाईक चहूकडून हाक मारणारे. ओमेश्वरने सगळे विधी नीट केले. योगेश्वरी प्रत्येक वेळी त्याच्या बाजूला उभी राहून पुढचं एकच काम कानात सांगत होती. कन्यादान झालं, नवरदेव-नवरीचे पाय धुऊन झाले आणि मग तो दिसेनासा झाला.

योगेश्वरीला ठाऊक होतं कुठे पाहायचं. घरामागच्या गुरांच्या कोठ्यात, गवताच्या पेंढ्यांवर तो डोळे मिटून बसला होता. नवा फेटा मांडीवर. बँडचा आवाज तिथे थोडा कमी येत होता.

"सोनिका विचारून राहिली का?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

"तिले माहीत हाय. दम घेऊन या म्हनते."

तिने आणलेलं ताट त्याच्यापुढे ठेवलं. तो जेवू लागला. ती बाजूला पेंढ्यावर बसली. तिला पाहुण्यांचं सांगायचं होतं, विहिणीने काय मागितलं ते सांगायचं होतं, पण ती काहीच बोलली नाही. त्याने शेवटचा घास खाल्ला, हात धुतला आणि तिच्याकडे वळला.

"हं," तो म्हणाला. "सांग."